पहिल्यासारखा

एमआरआयच्या खोलीबाहेर आम्ही दोघी बसलो होतो. भाची व्हीलचेअरवर, डावा पाय समोरच्या फळीवर सरळ ठेवलेला, गुडघ्याभोवती क्रेप बँडेज. आदल्या संध्याकाळी बॅडमिंटन खेळताना शटल तिच्या डोक्यावरून मागच्या डाव्या कोपऱ्यात गेलं. तिने मागे झेपावत, उडी मारून ते परतवलं आणि उतरताना सगळं वजन एकट्या डाव्या पायावर आलं. पाऊल जागीच राहिलं, गुडघा आत वळला. "आतून कट्ट असा आवाज आला मावशी, मला वाटलं शेजारच्या कोर्टवरही ऐकू गेला." वय वर्षं सतरा. कानातले आणि केसांतल्या पिना काढून तिने माझ्या हातात दिल्या होत्या, मी मूठ घट्ट धरून बसले होते. ताई फॉर्म भरायला खिडकीपाशी गेली आणि तेवढ्यात भाचीने माझ्याकडे न बघता विचारलं, "ऑपरेशन केल्यावर गुडघा पहिल्यासारखा होतो ना?"

"होतो की," मी म्हटलं.

तिने हे मलाच विचारावं हे साहजिक होतं. घरात या वाटेने गेलेली मी एकटीच. एकवीस वर्षांपूर्वी माझ्या उजव्या गुडघ्यातलं एसीएल तुटलं होतं, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी एकमेकांना धरून ठेवणारं लिगामेंट, भाचीच्या बाबतीत संशय होता तेच. त्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि आज मी चालते, पळते, डोंगर चढते. म्हणजे माझं उत्तर खोटं म्हणता येणार नाही. तरी त्या दिवशी घरी परतताना जिन्याच्या पहिल्या पायरीवर मी थबकले, कारण माझा डावा पाय आधी वर गेला होता. मी उतरून पुन्हा चढून पाहिलं. पुन्हा डावाच. एकवीस वर्षांत उजवा पाय आपणहून कधी पुढे झाला असेल, असं मला आठवेना. त्या एका "होतो की"ने पुढचे दोन दिवस माझी पाठ सोडली नाही.

माझा गुडघा गेला तो व्हॉलीबॉल खेळताना. तोही उडीवरून उतरतानाच, कुणाचा धक्का नाही, कुणी आडवं आलं नाही. या दुखापतीची ही गोष्ट लोकांना पटत नाही. एसीएल तुटण्याचे बहुतेक प्रसंग असेच असतात: उतरणं, एकदम थांबणं, पळता पळता दिशा बदलणं. पहिल्या क्षणाची कळ जबरदस्त होती, पण पाच मिनिटांत ती इतकी ओसरली की मी उठून उभी राहिले आणि खेळायला निघाले. दोन पावलं टाकली आणि मांडीचं हाड नडगीवरून सरकल्यासारखं झालं. "गुडघा सटकला" हा शब्दप्रयोग ज्याने पहिल्यांदा केला असेल, त्याच्या गुडघ्यात नक्कीच हे घडलं असणार. घरी पोचेपर्यंत गुडघ्याची वाटी दिसेनाशी झाली होती. मुरगळल्यावर रात्रभरात हळूहळू सूज चढते, पण तास-दोन तासांत गुडघा असा टम्म फुगला तर आत रक्त साठलेलं असतं, आणि तरुण खेळाडूत त्याचा अर्थ बहुतेक वेळा एसीएल हाच निघतो. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मी नुसती त्या गरम, ताणलेल्या कातडीवर हात ठेवून बसले होते.

डॉक्टरांनी फोटो बघण्याआधी हात लावला. हे मला अजून लख्ख आठवतं. आधी चांगला गुडघा घेतला. तो थोडा वाकवून एका हाताने मांडी धरली, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली. नडगी जराशी सरकली आणि आत कुठेतरी अडकून थांबली, दोर ताणला की हिसका बसून थांबतो तशी. "हे लक्षात ठेवा," ते म्हणाले. मग दुखरा गुडघा घेतला. तशीच पकड, तसाच ओढा. नडगी पुढे आली, येतच राहिली, शेवटी मांसाच्या मऊपणात कुठेतरी विरून थांबली. त्यांनी दुसऱ्यांदा ओढून पाहिलं नाही. त्या एका सेकंदात, एमआरआयच्या आधी, कुणी काही बोलायच्या आधी मला कळलं होतं की माझ्या आत जे काही धरून ठेवणारं होतं ते आता तिथे नाही.

ते असतं तरी केवढं! साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास लांब, करंगळीहून बारीक. मांडीच्या हाडाच्या मागच्या भागातून निघून तिरकं पुढे येत नडगीच्या माथ्यावर रुजतं. दुसरं एक त्याला छेद देऊन जातं, म्हणून दोघांना क्रूसाचं नाव, क्रुशिएट; एसीएलमधला 'सी' तोच. तरुण माणसात हा दोर तुटायला साधारण दोन हजार न्यूटन, म्हणजे दोनशे किलोच्या वजनाएवढा ओढा लागतो. एवढा ओढा आपल्याच शरीराच्या वजनाने, आपल्याच वेगाने, अर्ध्या पापणीच्या वेळात तयार होतो. आणि एकदा तुटला की त्याची टोकं सहसा आपणहून नीट सांधत नाहीत. हाड मोडलं तर त्याच्याभोवती रक्त गोठतं, त्या गाठीच्या आधाराने हाड जुळतं. सांध्याच्या पोकळीत मात्र तेलकट पाणी खेळत असतं, तिथे अशी गाठ टिकत नाही, आणि तुटलेली टोकं कुजक्या सुतळीसारखी लोंबत राहतात.

म्हणून ऑपरेशनमध्ये ते लिगामेंट सहसा शिवत नाहीत, नवंच बसवतात. नवं म्हणजे बहुतेक वेळा आपलंच. माझ्यात मांडीच्या मागच्या स्नायूंच्या दोन शिरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर (टेंडन), घेतल्या, गुडघ्याखाली आतल्या बाजूला तीनेक सेंटिमीटरचा छेद देऊन. कुणाच्यात वाटीखालचा पट्टा हाडाच्या तुकड्यांसकट घेतात, कुणाच्यात मांडीच्या पुढचा. त्या दोन शिरा दुमडून चार पदरी केल्या, दोऱ्याने गुंफल्या, ताण देऊन ठेवल्या. मग दोन्ही हाडांत बोगदा पाडून तो गोफ आत ओढला आणि वर धातूचं बटण, खाली स्क्रू लावून पक्का केला. मणक्यातून भूल दिलेली होती, मी जागी होते. ड्रिलचा आवाज ऐकू येत होता आणि पाय जराही जाणवत नव्हता. डोक्याकडे उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञ बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. निळसर पांढऱ्या, स्वच्छ पाण्यात काहीतरी हलत होतं. समुद्राच्या तळाची फिल्म चालू आहे असं वाटलं. "तुमचा गुडघा," त्या म्हणाल्या.

गुडघ्यात घातलेल्या त्या दुर्बिणीचं मला आजही नवल वाटतं. १९१८ साली टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची नळी एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून आत डोकावून पाहिलं. क्षयाने आखडणारे गुडघे लवकर ओळखता यावेत ही त्यांची धडपड होती. पुढे त्यांचेच शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीतून बघत गुडघ्यातल्या हाडांमधल्या फाटलेल्या गादीचा तेवढाच तुकडा काढून दाखवला. तोवर गुडघा उभा चिरायचा आणि गादी सबंध उपटायची, अशीच रीत होती.

आमच्या व्हॉलीबॉलच्या सरांचा गुडघा त्या रीतीचा. गादी, म्हणजे मेनिस्कस, दोन हाडांच्या मधली चंद्रकोरीच्या आकाराची चकती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नावाजलेल्या शल्यचिकित्सकांनी तिला निरुपयोगी अवशेष ठरवून टाकलं होतं. फेअरबँक नावाच्या डॉक्टरांनी १९४८ साली गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्सरे मांडून दाखवलं की हाडांमधली फट कमी होते, कडा वाढतात, हाड चपटं होत जातं. तरी पुढची कित्येक वर्षं गाद्या निघतच राहिल्या. सरांची बाविसाव्या वर्षी काढली. दीड महिन्यात ते पुन्हा मैदानात उतरले होते, आणि हे ते आम्हाला अभिमानाने सांगायचे. "तुम्ही काय रडता!" आम्हाला शिकवायला लागले तेव्हा त्यांचा तो पाय किंचित बाहेर वाकायला लागला होता. पन्नाशीत तो धनुष्यासारखा झाला. साठीला सांधा बदलला. बदललेल्या सांध्यावर ते खूश आहेत, रोज फिरायला जातात. पण मधली पंधरा वर्षं मी बघितली आहेत. खुर्चीतून उठताना ते आधी खिडकीबाहेर बघायचे, जणू तिकडे काहीतरी घडलंय म्हणून उठतोय. तेवढ्या वेळात दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर गच्च रोवून शरीर वर उचलायचे. त्या पंधरा वर्षांसाठी कुणाला जबाबदार धरायचं, मला कळत नाही. ज्यांनी गादी काढली त्यांनी तेव्हाच्या शहाणपणानेच काढली.

आज तसं कुणी करत नाही. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्त पोचतं, तिथली चीर शिवली तर जुळते. आतल्या भागात रक्तवाहिनीच नाही, तिथे शिवून भागेलच असं नाही, पण शिवता येईल तेवढी शिवायची, काढावीच लागली तर कमीत कमी काढायची. हाडांच्या टोकांवरची कूर्चा तर याहून अवघड. तिला रक्तवाहिनी नाही आणि वेदनेची नसही नाही, त्यामुळे ती झिजत असते तेव्हा कळतही नाही. विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लिहून ठेवलंय की नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही. आता हाडाला बारीक भोकं पाडून, दुसरीकडची कूर्चा आणून, प्रयोगशाळेत पेशी वाढवून नाना तऱ्हेने ती भरतात. पण बहुतेक वेळा जे भरून येतं ते मूळच्यासारखं गुळगुळीत आणि चिवट नसतं.

दुसऱ्या रात्री मला झोप येईना. अशा वेळी वाचू नये, पण वाचत बसले. १९७४ च्या जुलैमध्ये टॉमी जॉन या अमेरिकन बेसबॉल गोलंदाजाच्या कोपराचं लिगामेंट गेलं होतं, आणि तोवर याचा अर्थ कारकीर्द संपली असाच होता. फ्रँक जोब या डॉक्टरांनी त्याच्याच मनगटाकडची एक शीर काढून कोपरात गुंफली. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट जरा वाकवलं की मधोमध दोरीसारखी उठते ती ही शीर. कित्येक माणसांत ती जन्मतःच नसते आणि त्यांचं काही अडत नाही, म्हणून ती उसनी घेता येते. वाचता वाचता मी माझं मनगट दिव्याखाली धरून पाहिलं. आहे. जोब यांनी त्याला परत खेळण्याची शक्यता शंभरात एक सांगितली होती. तो १९७६ मध्ये परतला, १९८९ पर्यंत खेळला, आणि कारकिर्दीतल्या २८८ विजयांपैकी १६४ त्या ऑपरेशननंतरचे. आता हे ऑपरेशन त्याच्याच नावाने ओळखलं जातं. आणि गंमत म्हणजे... नाही, गंमत नाही ही, मला वाईटच वाटलं. त्याचं यश बघून लोकांचा समज झाला की ऑपरेशनने कोपर मूळच्यापेक्षा भक्कम होतं, आणि काही आईवडील चांगल्या कोपराच्या मुलांना घेऊन डॉक्टरांकडे चौकशीला जाऊ लागले. "पहिल्यासारखा" या शब्दाची भूक इतकी मोठी असते की ती "पहिल्यापेक्षा चांगला" इथपर्यंत जाते.

गुडघ्याचे आकडे त्या रात्री मी दोनदा वाचले. एसीएलच्या ऑपरेशननंतरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. शंभरातले ८१ जण कुठल्या ना कुठल्या खेळाकडे परतले, ६५ आपल्या आधीच्या पातळीवर, आणि स्पर्धात्मक खेळात ५५. पंचवीस वर्षांच्या आतले जे खेळाकडे परततात त्यांच्यातल्या साधारण चारातल्या एकाचं पुन्हा एसीएल तुटतं, कधी त्याच गुडघ्यातलं, कधी दुसऱ्या. नऊ महिन्यांच्या आत मैदानात गेलेल्यांत हा धोका कितीतरी पट जास्त. आणि यामागचं कारण वाचलं तेव्हा मी उठून बसले, कारण मला कुणी ते सांगितलंच नव्हतं. बसवलेली शीर आधी मरते. तिच्यातल्या पेशी जातात, ती नुसता सांगाडा म्हणून उरते, मग हळूहळू तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी वस्तीला येतात आणि वर्ष-दोन वर्षांत ती लिगामेंटसारखी होत जाते. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, जेव्हा सूज उतरलेली असते, कुबड्या सुटलेल्या असतात आणि माणसाला बरं झाल्यासारखं वाटतं, नेमकी तेव्हा ती सगळ्यात नाजूक असते. मी तिसऱ्या महिन्यात पळाले होते. संध्याकाळी, कुणाला न सांगता, रिकाम्या रस्त्यावर. काही झालं नाही, हे निव्वळ नशीब.

ऑपरेशन करावंच का, हाही प्रश्न असतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२१ तरुणांचे दोन गट केले होते. एकाचं लगेच ऑपरेशन, दुसऱ्याला आधी व्यायाम आणि गरज पडली तर नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांची अवस्था सारखी, आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून जास्त जणांना ऑपरेशन लागलंच नव्हतं. माझ्या आईच्या बाबतीत आम्ही हे जवळून बघितलं. साठीच्या आसपास तिचा गुडघा दुखायला लागला, एमआरआयमध्ये गादी फाटलेली दिसली, आणि "फाटली" हा शब्द ऐकून आम्ही सगळे घाबरलो. डॉक्टर म्हणाले, ही वयाने विरलेली चीर आहे, हिला हात लावायची घाई नको. फिनलंडमध्ये १४६ जणांवर एक प्रयोग झाला होता. निम्म्या लोकांची फाटलेली गादी कापली आणि निम्म्यांचं ऑपरेशन केल्यासारखं फक्त भासवलं. वर्षभराने दोघांत म्हणावा असा फरक नव्हता. आई चिडली, तिला काहीतरी ठोस उपाय हवा होता. चार महिने रोज कुरकुरत तिने मांडीचे व्यायाम केले. आता ती त्या डॉक्टरांचं नाव आदराने घेते.

पण भाचीची गोष्ट वेगळी. सतरा वर्षांची, रोज कोर्टवर खेळणारी, आणि एमआरआयमध्ये लिगामेंटसोबत गादीलाही चीर. तिला ऑपरेशन लागणार हे सरळ होतं.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. आम्ही खेळायचो तेव्हा उडी कशी मारायची हे मोठ्या मायेने शिकवलं गेलं, उतरायचं कसं हे कधीच नाही. गुडघे वाकवून, दोन्ही पायांवर, मऊ, आवाज न करता, गुडघा आत पडू न देता उतरायचं. वीस मिनिटांचा वॉर्मअप, आठवड्यातून दोन-तीनदा, त्यात तोल सांभाळायचे आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम. एवढ्याने एसीएलच्या दुखापती निम्म्याच्या आसपास कमी होतात, हे अभ्यासांतून वारंवार दिसलंय. मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा दुपटीहून जास्त होते, म्हणजे त्यांना तर हे आधी शिकवायला हवं. भाचीला मी विचारलं. सात वर्षं प्रशिक्षण घेते आहे. "उतरायचं काय शिकायचं त्यात?" तिने मला उलट विचारलं. एकवीस वर्षं गेली मध्ये!

तिसऱ्या दिवशी मी ताईकडे गेले. भाची पलंगावर पाय उशीवर ठेवून पडली होती. मी म्हटलं, "मी तुला परवा अर्धवट उत्तर दिलं."

ती नुसती बघत राहिली. मी पँट वर दुमडून गुडघा दाखवला. छेदाची पांढरी रेघ, दुर्बिणीच्या भोकांच्या दोन खुणा. नडगीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग आहे, तिथे मला स्पर्श कळत नाही, छेद देताना त्वचेची एक बारीक नस जाते. तिला म्हटलं, बोट फिरव. तिने फिरवलं. मी डोळे मिटले आणि बोट कुठे येतंय ते सांगत गेले, मग मध्येच मला सांगता येईना. जिन्याचं सांगितलं. शेवटी तेही सांगितलं जे मी आजवर ताईलाही सांगितलं नव्हतं: लंगडी घालून अंतर मोजायची चाचणी मी पास झाले, डॉक्टरांनी परवानगी दिली, मी मैदानात गेले, जाळीजवळ उडी मारली, चेंडू मारला, व्यवस्थित उतरले, आणि त्यानंतर स्पर्धेत कधीच खेळले नाही. गुडघा तयार होता. मला हवेत असताना खालची जमीन दिसायला लागली होती.

"मग तू होतो की असं का म्हणालीस?"

"तुझ्याकडे बघवलं नाही म्हणून."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला नऊ महिने म्हणजे नक्की कुठला महिना ते सांग." आम्ही बोटांवर मोजलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. लिगामेंट बसवलं, गादी चार टाक्यांनी शिवली. शिवलेल्या गादीमुळे काही आठवडे वजन जपून टाकायचं आणि गुडघा एका मर्यादेपलीकडे वाकवायचा नाही. दुसऱ्या दिवशी फिजिओ आल्या. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाल्या, मांडी आवळा, टॉवेल खाली दाबा. भाचीने कपाळाला आठ्या घातल्या, दात आवळले, मुठी आवळल्या, चांगला पायसुद्धा कडक झाला. ती मांडी तशीच, कणकेच्या गोळ्यासारखी मऊ. "मावशी, पायच ऐकत नाहीये," आणि ऑपरेशनच्या आधी, मध्ये, नंतर न रडलेली मुलगी तिथे रडली.

मला तो क्षण माहीत होता. कुणी नस तोडलेली नसते, स्नायू शाबूत असतो, पण सांधा सुजला की मज्जारज्जू मांडीला जाणारे आदेशच बंद करून टाकतो. निरोगी गुडघ्यात नुसतं वीस-तीस मिलिलिटर मिठाचं पाणी भरलं तरी आतल्या बाजूचा स्नायू ढिला पडतो. शरीर जखमी सांधा असा सांभाळतं. आणि पंधरा दिवसांत मांडी डोळ्यांदेखत वाळते. मी तिला हे सगळं सांगितलं. तिने ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

मग म्हणाली, "तुझी आवळून दाखव."

मी पलंगावर तिच्या शेजारी उजवा पाय लांब करून बसले. आवळली. वाटी चटकन वर सरकली, मांडीवर स्नायूची कड उठली. तिने माझ्या वाटीवर एक हात ठेवला, स्वतःच्या वाटीवर दुसरा. "पुन्हा," ती म्हणाली. मी पुन्हा आवळली. तिने डोळे मिटले होते. आठ-दहा वेळा असं झालं असेल. मग तिच्या मांडीत, आतल्या बाजूला, कातडीखाली काहीतरी फडफडलं, पापणी लवते तेवढंच. वाटी हलली असेल तर केसभर.

"हललं?"

"हललं."

"पुन्हा," ती म्हणाली, आणि आम्ही दोघींनी पुन्हा आवळल्या.